सामना कोण जिंकणार?

मोठा सामना जवळ आला की एक प्रश्न गावभर फिरू लागतो. चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, जिकडे तिकडे तेच. "काय हो, कोण जिंकणार?" आणि गंमत अशी, की या प्रश्नाला "मला सांगता येत नाही" असे उत्तर देणारा मनुष्य सहसा भेटत नाही. ज्याने जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही, तोही ठासून सांगतो, "लिहून घ्या, ब्राझीलच!"

आजच्या भाषणात याच प्रश्नाविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. सामना कोण जिंकणार हे आधी सांगता येते का? येत असेल तर किती खात्रीने? आणि सांगितलेले चुकले, तर दोष कुणाचा? हा शेवटचा प्रश्न वरवर हलका वाटतो. पण त्याच्यापायी एका सज्जन खेळाडूचे पन्नास वर्षांचे आयुष्य कडू झाले. म्हणून त्या सामन्याची हकीकत आधी ऐकू या.

साल १९५०. जुलै महिन्याची १६ तारीख. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात, रिओ दि जानेरो शहरी, जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अखेरचा सामना होता. त्या वर्षी नेहमीसारखी अंतिम फेरी नव्हती. ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन या चार संघांनी आपसात खेळायचे आणि ज्याचे गुण जास्त त्याने चषक न्यायचा, अशी रीत होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ असे लोळवले होते, स्पेनला ६-१ असे. उरुग्वेची मात्र दमछाक झाली होती. स्पेनशी २-२ अशी बरोबरी आणि स्वीडनवर ३-२ असा कसाबसा विजय. आता या दोघांची गाठ पडायची होती. ब्राझीलला जिंकण्याचीही गरज नव्हती, नुसती बरोबरी झाली तरी चषक त्यांचा.

मैदान होते माराकाना, खास या स्पर्धेसाठी बांधलेले. तिकिटे काढून आत गेलेल्यांचीच नोंद १,७३,८५० आहे. बाकीचे धरून आकडा दोन लाखांच्या घरात गेला असावा असे म्हणतात. पंढरीच्या वाळवंटात आषाढीला उसळणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. त्यातले बहुतेक सगळे एकाच बाजूचे. शहरातल्या एका वर्तमानपत्राने तर ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र आधीच छापून खाली लिहिले होते, की हेच जगज्जेते! सामन्यापूर्वी नगराचे प्रमुख भाषणाला उभे राहिले, आणि त्यांनीही आपल्या खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधले. चेंडू अजून मध्यरेषेवर यायचा होता, बरं का!

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. दुसरा अर्धा सुरू होताच ४७ व्या मिनिटाला फ्रियासा या खेळाडूने ब्राझीलचा गोल केला. मैदान दणाणून गेले. पण उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला हा मोठा धीराचा माणूस. त्याने चेंडू काखेत घेतला, पंचांशी वाद घातला, वेळ काढला आणि लोकांचा जोर ओसरू दिला. ६६ व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. पुढे ७९ व्या मिनिटाला उजवीकडून घिग्गिया चेंडू घेऊन धावला. पहिल्या गोलाच्या वेळी त्याने चेंडू मध्ये दिला होता. तसाच आताही देईल असे धरून ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा एक पाऊल पुढे सरकला. घिग्गियाने ते हेरले आणि खांब व गोलरक्षक यांच्यामधल्या फटीतून चेंडू आत सारला. २-१!

जागतिक संघटनेचे अध्यक्ष जूल रिमे यांनी विजेत्यांसाठी पोर्तुगीज भाषेत, म्हणजे ब्राझीलच्या भाषेत, भाषण तयार करून आणले होते. ते खिशातच राहिले. ना मानवंदना, ना राष्ट्रगीत. गर्दीत त्यांनी वारेलाला गाठले आणि हातात चषक ठेवला. इतके मोठे मैदान, पण स्मशानशांतता पसरली होती.

आता, श्रोतेहो, एक क्षणभर थांबून विचार करा. एवढ्या लाखो लोकांचा अंदाज चुकला कसा? ते सगळे मूर्ख होते काय? मुळीच नाही. ब्राझीलचा संघ खरोखरच बलाढ्य होता. मैदान घरचे होते. आपल्या मातीत खेळण्याचा फायदा असतो, तो खोटा नव्हे. या स्पर्धेच्या १९३० ते २०२२ पर्यंत २२ खेपा झाल्या, त्यांत यजमान देशाने ६ वेळा चषक पटकावला. तेव्हा ब्राझीलचे पारडे जड होते हे म्हणणे रास्तच होते. चुकले ते पुढेच. पारडे जड आहे म्हणजे निकाल लागलाच, असे लोकांनी धरले.

दुसरेही एक चुकले. जो पुरावा डोळ्यांना सुखावतो तेवढाच त्यांनी पाहिला. ७-१ आणि ६-१ हे आकडे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात तीन सामने झाले होते. पहिला उरुग्वेने ४-३ असा जिंकला. उरलेले दोन ब्राझीलने घेतले, ते ३-२ आणि १-० असे. तिन्ही सामन्यांत फरक किती? फक्त एकेका गोलाचा! शिवाय उरुग्वे हा काही नवशिका संघ नव्हता. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदके मिळवली होती आणि १९३० चा पहिला जागतिक चषकही त्याचाच. १९३४ व १९३८ च्या स्पर्धांना तो गेलाच नाही. म्हणजे जागतिक चषकाच्या सामन्यात तो तोपर्यंत एकदाही हरलेला नव्हता. हा सगळा पुरावा दप्तरात होता. पाहिला कुणी? सोयरीक जमवताना आपण स्थळाच्या घरी जाऊन चार माणसांना विचारतो की नाही? इथे मात्र सगळ्यांनी नुसता मांडव पाहिला आणि अक्षता टाकल्या.

बरे, हा पुरावा पाहिला असता तर निकाल अचूक सांगता आला असता काय? नाही. आणि इथे आपण फुटबॉलच्या खऱ्या स्वभावापाशी येतो.

आपली कबड्डी घ्या. चाळीस मिनिटांच्या डावात एकेका संघाला पंचवीस-तीस गुण सहज मिळतात. एखादी पकड फसली, एखादी चढाई वाया गेली, तरी भरून काढायला पुष्कळ वाव असतो. त्यामुळे जो सरस, तो बहुधा शेवटी वर येतोच. फुटबॉलचे तसे नाही. नव्वद मिनिटे बावीस माणसे धावतात, आणि गोल होतात किती? २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ६४ सामन्यांत मिळून १७२ गोल झाले. भागाकार करा, गुरुजी. सामन्याला तीनही नाहीत, २.६९. तेही दोन्ही संघांचे मिळून. जिथे सगळा निकाल दोन-तीन घटनांवर टांगलेला आहे, तिथे एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला काय किंवा आत आला काय, सगळे पालटते. नशीब म्हणा, योग म्हणा, त्याचा वाटा या खेळात मोठाच आहे.

किती मोठा, याचेही गणित आहे. सिमेओं प्वासाँ नावाचे एक फ्रेंच गणिती होऊन गेले. जी गोष्ट क्वचित घडते ती ठरावीक वेळात किती वेळा घडेल, हे काढण्याची रीत त्यांनी १८३७ साली ग्रंथात मांडली. तीच रीत आज फुटबॉलच्या गोलांना लावतात. समजा, एक संघ इतका सरस आहे, की त्याचे सरासरी दोन गोल व्हावेत आणि दुसऱ्याचा एक. म्हणजे ताकदीने दुप्पट. हे दोघे शंभर वेळा खेळले तर काय होईल? त्या रीतीने हिशेब केला तर सरस संघ सुमारे ६१ वेळा जिंकेल, २१ वेळा बरोबरी होईल आणि दुबळा संघ १८ वेळा जिंकून जाईल. हे आकडे रिओच्या सामन्याचे नव्हेत, नुसते समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण त्यांचा अर्थ लक्षात घ्या. शंभरात अठरा म्हणजे साधारणपणे फाशावर सहा पडण्याइतके. सारीपाट खेळताना आपल्याला नको असतानाच ते नेमके दान पडते की नाही? तेव्हा आपण डोक्याला हात लावतो, पण फासा खोटा आहे असे म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, "मग काय, सगळा नशिबाचाच खेळ. अंदाज करायचाच कशाला?" तसेही नाही हो. तेच आकडे उलट बाजूने वाचा. सरस संघ हरण्यापेक्षा जिंकतो तो तिपटीहून जास्त वेळा. आणि दूरवर नजर टाकली तर खेळ फारसा लहरी दिसत नाही. २०२२ पर्यंतच्या २२ स्पर्धांत चषक उचलणारे देश किती? अवघे आठ. ब्राझील, जर्मनी, इटली, अर्जेंटिना, फ्रान्स, उरुग्वे, इंग्लंड आणि स्पेन. एक सामना कुणाचाही होऊ शकतो, पण शंभर वर्षांचे माप बहुतेक वेळा सरसाच्याच पदरात पडते. शेतीत नाही का, एक वर्ष हयगय करणाऱ्यालाही पीक साधते, पण दहा वर्षांची सरासरी काढली तर मेहनतीचेच शेत पुढे असते.

अंदाज करावा, पण तो पारखून करावा. पारखायचा कसा, यासाठी आणखी दोन सामने सांगतो.

पहिला १९५४ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातला. हंगेरीचा संघ त्या काळी सगळ्या जगाला भारी होता. मे १९५० पासून तो अधिकृत सामन्यात हरलेला नव्हता. १९५३ साली त्याने इंग्लंडला त्यांच्याच लंडनमध्ये ६-३ असे नमवले होते. या स्पर्धेच्या आरंभीच्या फेरीत त्याने पश्चिम जर्मनीला ८-३ असे धुऊन काढले, आणि अंतिम सामन्यात पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली. आता ८-३ चा ताजा आकडा हाती असताना कोण जर्मनीचे नाव घेणार? परंतु त्या आकड्यामागे काय होते ते पाहा. जर्मनीचे शिक्षक सेप हेर्बेर्गर यांनी त्या दिवशी आपले बरेचसे खंदे गडी बसवून ठेवले होते आणि राखीव खेळाडू उतरवले होते. त्याच सामन्यात हंगेरीचा कर्णधार पुश्काश जायबंदी झाला. तो अंतिम सामन्याला उतरला खरा, पण पुरता बरा नसताना. शिवाय त्या ४ जुलैला पाऊस लागला आणि मैदान निसरडे झाले. जर्मन खेळाडूंच्या बुटांना तळाचे खुंट बदलण्याची सोय होती, त्यांनी चिखलासाठी लांब खुंट बसवले. तरीही आठ मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे! पण अठराव्या मिनिटाला २-२ झाले आणि ८४ व्या मिनिटाला राहनने तिसरा गोल करून सामना ३-२ असा जर्मनीला मिळवून दिला. आकडा खोटा बोलत नाही, हे खरे. पण तो अर्धेच बोलतो. कोण खेळले, कोण बसले, कुणाचा पाय दुखतो, मैदान कसे आहे, हे त्याला आपण विचारायचे असते.

दुसरा सामना अलीकडचा, २२ नोव्हेंबर २०२२ चा, कतारमधला. अर्जेंटिनाचा संघ ३६ सामने अजिंक्य राहून आला होता. समोर सौदी अरेबिया. दहाव्या मिनिटाला मेस्सीने गोल केला आणि लोकांनी हिशेब मिटवला. पण मध्यंतरानंतर पाच मिनिटांच्या अंतराने सौदीने दोन गोल केले आणि सामना २-१ असा मारला. झाले! कालपर्यंत जे अर्जेंटिनाच्या गळ्यात हार घालत होते, तेच म्हणू लागले, "यांचे आता काही खरे नाही." पुढे काय झाले? सौदीचा संघ पुढचे दोन्ही सामने हरला आणि गटात तळाला राहून घरी गेला. अर्जेंटिना गटात पहिला आला, आणि १८ डिसेंबरला फ्रान्सशी ३-३ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर ४-२ ने जिंकून जगज्जेता ठरला. अर्जेंटिना बलवान आहे हा अंदाज त्या पहिल्या दिवशीही चूक नव्हता. एक वादळी रात्र झाली म्हणून ऋतू बदलत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. निकाल उलटा लागला म्हणून अंदाज वाईट ठरत नाही, आणि निकाल जुळला म्हणून अंदाज चांगला ठरत नाही. दुसरा भाग जरा विचित्र वाटतो ना? त्यासाठी एका आठ पायांच्या ज्योतिषाची गोष्ट ऐका.

२०१० साली जर्मनीतल्या ओबरहाऊझेन शहरी, मत्स्यालयात एक ऑक्टोपस होता. पॉल त्याचे नाव. सामन्यापूर्वी त्याच्या पाण्यात दोन पेट्या सोडत. दोन्हींत खाऊ असे आणि एकेकीवर एकेका देशाचे निशाण. तो ज्या पेटीतला खाऊ आधी खाई, तो देश जिंकणार असे समजत. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीचे सात सामने आणि स्पेन-हॉलंड यांचा अंतिम सामना, असे आठही निकाल त्याचे बरोबर आले! जगभर त्याचा बोलबाला झाला. आता त्या बिचाऱ्या जलचराला फुटबॉल कळत होता असे आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. मग हे घडले कसे?

वर्गात करून पाहण्याजोगा हिशेब आहे. समजा, २५६ माणसे नाणे उडवून निकाल सांगत आहेत. पहिल्या सामन्यानंतर त्यांतली निम्मी, १२८, बरोबर ठरतील. दुसऱ्यानंतर ६४. मग ३२, १६, ८, ४, २ आणि आठव्या सामन्यानंतर १. हा एक उरलेला गृहस्थ आठच्या आठ बरोबर सांगून बसला! त्याचा गावात सत्कार होईल, फोटो छापून येईल. उरलेले २५५ कोण होते, याची चौकशी कुणी करणार नाही. जगात किती प्राणी, किती पंडित, किती भविष्यवाले त्या काळात निकाल सांगत असतील! त्यांतून एखादा सगळे बरोबर सांगणार, यात नवल नाही. म्हणून कुणी आपल्यापुढे येऊन "मागचे चारही सामने मी बरोबर सांगितले" असे म्हणू लागला, तर त्याला शांतपणे विचारा, "आधी कुठे लिहून ठेवले होते? आणि चुकलेले किती?"

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी शाळेत एक सोपा प्रयोग सुचवतो. मोठी स्पर्धा सुरू व्हायच्या आत प्रत्येक मुलाला शंभर चिंचोके द्या. भिंतीवर सामन्यांची यादी लावा. प्रत्येक सामन्याआधी मुलाने ते शंभर चिंचोके तीन वाट्यांत मांडायचे. पहिला संघ जिंकेल, बरोबरी होईल, दुसरा संघ जिंकेल. कुणी ६०, २५, १५ असे मांडेल, कुणी ४०, ३०, ३०. मांडणी वहीत लिहून घ्यायची. ज्याने शंभरच्या शंभर एकाच वाटीत ओतले, त्याला विचारायचे, "बाळ, फाशावर सहा कधीच पडत नाही का रे?"

स्पर्धा संपली की वह्या उघडा. ज्या ज्या वाटीत मुलांनी सुमारे साठ चिंचोके ठेवले होते, त्या सगळ्या एकत्र मोजा. दहापैकी सहाच्या आसपास खऱ्या ठरल्या असतील, तर त्या वर्गाची पारख चांगली. दहापैकी तीनच खऱ्या निघाल्या, तर मुलांनी फाजील विश्वास ठेवला. नऊ खऱ्या निघाल्या, तर ती उगाच बिचकली. पाहा, यात शेकडेवारी आली, सरासरी आली, नकाशावरचे देश आले. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे, आपल्याला किती कळते आणि किती कळत नाही, हे मोजून पाहण्याची सवय लागली. ती गणिताच्या तासापुरती राहणार नाही. हवामान खाते सांगते, की अमुक भागात पावसाची शक्यता आहे. पाऊस पडला नाही की आपण म्हणतो, "खोटे बोलले!" चिंचोके मांडणारा मुलगा मोठेपणी तसे म्हणणार नाही. तो विचारील, शक्यता किती सांगितली होती, आणि अशा दहा दिवसांपैकी किती दिवस खरोखर पाऊस आला.

चिंचोक्यांच्या जागी पैसे मात्र नकोत. पैजा घेणारा मनुष्य जे भाव सांगतो, त्यांच्यावरून प्रत्येक निकालाची शक्यता काढा आणि तिन्हींची बेरीज करा. ती शंभर भरत नाही, शंभराच्या वर जाते. वरचा भाग हा त्याचा ठेवलेला नफा. म्हणजे आपली पारख अगदी उत्तम असली, तरी आपण मुळातच उतारावर उभे असतो. पोरांनी हा खेळ चिंचोक्यांनीच खेळावा.

दुबळ्या बाजूचाही विचार करू. अंदाजाच्या बाजारात आपण नेहमी बलवानाच्या अंगणात उभे राहतो, पण कधी कधी तो अठरावा भाग आपल्याही वाट्याला येतो. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. त्या दिवशी मुंबईच्या मैदानांवर गाजलेला गोव्याचा नेव्हिल डिसूझा असा काही खेळला, की त्याने एकट्याने तीन गोल केले आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. शक्यता कमी आहे आणि शक्यता नाही, या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे हे त्या अकरा जणांनी दाखवले.

आता मघाशी मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. अंदाज चुकला तर दोष कुणाचा?

रिओमध्ये लाखो लोकांनी आपल्या अंदाजाला वचन समजले होते. वचन मोडले की मोडणारा शोधावा लागतो. लोकांनी तो शोधला. गोलरक्षक मोआसिर बार्बोसा आणि त्याच्याबरोबर बचावफळीतले बिगोदे व जुवेनाल. हे तिघेही कृष्णवर्णीय होते, आणि बोट त्यांच्याकडेच वळावे यात त्या समाजाच्या जुन्या अढीचाही भाग होता. बार्बोसा हा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. आदल्याच वर्षी, १९४९ मध्ये, दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचा तो गोलरक्षक होता. पण ते सगळे पुसले गेले. घिग्गिया चेंडू मध्ये देईल, हा त्याचाही एक अंदाजच होता. पहिला गोल पाहता तो अगदी शहाणपणाचा होता. तो चुकला, इतकेच.

पुढे वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईने आपल्या लहान मुलाला त्याच्याकडे बोट करून दाखवले, की सगळ्या ब्राझीलला रडवणारा तो हाच माणूस. ही हकीकत स्वतः बार्बोसानेच सांगितली आहे. त्याच्या देशात मोठ्यात मोठ्या गुन्ह्याला तीस वर्षांची कैद होती. आपण मात्र पन्नास वर्षे शिक्षा भोगतो आहोत, असे तो म्हातारपणी म्हणत असे. २००० सालच्या एप्रिलमध्ये तो वारला. त्याच्याबरोबर खेळलेले दहा जण होते, संघ निवडणारे होते, निकाल आधीच छापणारे वर्तमानपत्र होते, आधीच अभिनंदन करणारे नगरप्रमुख होते. यांच्यापैकी कुणाला कुणी दुकानात बोट दाखवले नाही.

श्रोतेहो, असे बार्बोसा आपल्याही गावात असतात. तालुक्याच्या सामन्यात शेवटची पेनल्टी हुकलेला मुलगा. "ही पहिली येणारच" असे सगळ्या शाळेने आधी सांगून ठेवले आणि जी चौथी आली, ती मुलगी. तिने कुणाला वचन दिले नव्हते. वचन आपण तिच्या नावावर लिहिले होते. गुरुजनांना आणि आईबापांना माझी एवढीच विनंती, की मुलांविषयी अंदाज जरूर करा, पण तो त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. आणि निकाल लागल्यावर पहिला शब्द त्यांच्या बाजूचा बोला. "तू कसा हुकलास" हे विचारायला मागाहून पुष्कळ वेळ असतो.

शेतकऱ्याला हे मी काय सांगावे? मृग बरसेल असा अंदाज तो दर वर्षी बांधतो. पण घरातले सगळे बियाणे एकाच दिवशी मातीत घालत नाही. दुबार पेरणीपुरते कणगीत राखून ठेवतो. पाऊस दडी मारून बसला, तर तो बैलाला बडवत नाही. उरलेले बी काढतो आणि पुन्हा शेताकडे जातो.

पुढचा मोठा सामना येईल तेव्हा चावडीवर पुन्हा तो प्रश्न निघेल. आपणही खुशाल सांगा, अमुक जिंकेल. फक्त वाट्या तीन मांडा, आणि तिसऱ्या वाटीत थोडे चिंचोके राहू द्या.